इंजिनात सापडलेला चिमटा

बाबांची गाडी नेहमीच्या मिस्त्रीकडे न नेता थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यायची, एवढंच चिमणीनं ठरवलं होतं. (चिमणी हे घरचं नाव. वय चोवीस, शिक्षण एम. एस्सी., आणि दाराची बेल वाजली तरी वीतभर उडते, म्हणून चिमणी.)

कारणही तसंच होतं. नवी नोकरी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला लागलेली, तिकडे बस जात नव्हती, आणि बाबा गाडीला कुणाला हात लावू देत नव्हते. महिनाभर मागे लागल्यावर ते एका अटीवर राजी झाले.

"शनिवारी आत्याला स्टेशनवर नीट पोचव. गाडीला ओरखडा नको, आत्याची कुरकुर नको. मग किल्ली तुझी."

ओरखड्याचं जमलं असतं. कुरकुरीचं आजवर कुणालाच जमलं नव्हतं, आत्याच्या यजमानांनाही नाही. निदान गाडी तरी ठणठणीत असावी, म्हणून ही उठाठेव, तीही बाबांना 'मिस्त्रीकडे नेते' असं सांगून.

सर्व्हिस सेंटर इतकं चकचकीत होतं की चिमणीनं दारात तीनदा पाय पुसले. टाय लावलेल्या एका माणसानं गाडी घेतली आणि संध्याकाळी बावन्न बरोबरच्या खुणा केलेला कागद दिला. मग डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसं तिला बाजूला घेऊन एक सीलबंद पाकीट पुढे केलं.

"मॅडम, तुमच्या इंजिनापाशी हे निघालं."

पाकिटात कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा होता.

चिमणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आमच्या बाल्कनीतून उडाला असेल," ती पुटपुटली. चौथ्या मजल्यावरून, बंद बॉनेटच्या आत? टायवाल्यानं विचारलं नाही. सभ्य माणूस. घरी येऊन तिनं तो चिमटा दोरीवर बाबांच्या बनियनला लावला आणि विषय संपवला.

शनिवारी आत्या मागच्या सीटवर ऐसपैस बसली. डोक्यावर अंबाडा, अंबाड्यात खेकड्याएवढी क्लिप. बॅग डिकीत.

"बॅग सांभाळ गं. माझ्या भावानं जन्मात पहिल्यांदा काही घेऊन दिलंय, काचसामान आहे."

"हो आत्या."

"आणि अशी स्टिअरिंगला लोंबकळू नकोस. ते काही पळून जात नाही."

पहिल्याच सिग्नलला गाडी थंडी भरल्यासारखी थडथडली आणि गप्प झाली. चिमणीनं किल्ली फिरवली. सुरू. थडथड. बंद. मागून हॉर्न वाजला आणि चिमणी सीटबेल्टसकट उडाली.

"अगं, काय केलंस?"

"काहीच नाही केलं!"

"मग कर काहीतरी! गाडी सुटायला पस्तीस मिनिटं आहेत."

दोन भल्या माणसांनी गाडी ढकलून कडेला लावून दिली. चिमणीनं टायवाल्याला फोन लावला.

"मॅडम, आमच्याकडे बावन्नच्या बावन्न खुणा आहेत."

"अहो, पण गाडी बंद पडतेय!"

"त्याचा रकाना आमच्या कागदात नाही, मॅडम."

आता बाबांना सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नोकरी, किल्ली, सगळं डोळ्यांसमोरून निघून चाललं होतं. तिनं रडवेल्या आवाजात लक्षणं सांगितली. सर्व्हिस सेंटरचं मात्र गिळलं.

"थांबली की बंद पडते ना?" बाबा शांतपणे म्हणाले. "सोपं आहे. बॉनेट उघड. डावीकडे बोटाएवढी रबरी नळी आहे, ती निसटत असेल. तिच्यावरचा चिमटा बघ जागेवर आहे का."

"…कुठला चिमटा?"

"लाकडी. सहा वर्षांपूर्वी मी स्वतः लावलाय. मिस्त्रीसुद्धा त्याला हात लावत नाही, नमस्कार करून पुढे जातो."

चिमणीनं बॉनेट उघडलं. नळी नुसतीच लोंबत होती. "बाबा, दोरीवर तुमचा बनियन आहे ना…"

"आहे. त्याचं काय?"

"त्याला लावलाय."

फोनमधून चपला फटफटत गेल्याचा आवाज आला. बाबा बहुधा बाल्कनीत जाऊन खात्री करत होते.

तेवढ्यात आत्या खाली उतरली. तिनं नळी बघितली, घड्याळ बघितलं, आणि अंबाड्यातली क्लिप काढून नळीवर खच्चकन बसवली. केस कमरेपर्यंत सुटले. चिमणीनं किल्ली फिरवताच इंजिन मांजरासारखं गुरगुरू लागलं.

"बघतेस काय? चालव!"

चिमणीनं गाडी अशी हाणली की आत्या कुरकुरायचंच विसरली. स्टेशनवर आत्याची ट्रेन हलायला दोन मिनिटं होती. आत्या एका हातात तिकीट आणि दुसऱ्या हातात केसांचा भारा धरून धावली, आणि डब्याच्या दारातून चक्क हसून ओरडली, "भावाला सांग, पोरगी भित्री आहे, पण पोचवते!"

चिमणी तरंगतच घरी आली. गाडीला ओरखडा नाही, आत्याची कुरकुर नाही. बाबा खालीच उभे होते, हातात तो चिमटा. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडून बहिणीची क्लिप बघितली, आणि त्यांना हसू आवरेना.

"आत्याला नीट पोचवलंस?"

"अगदी वेळेवर!" चिमणीनं किल्लीसाठी हक्कानं हात पुढे केला. म्हणजे किल्ली तिच्याच हातात होती. तिनं तो हात पुढे केला.

"शाबास," बाबा डिकी उघडत म्हणाले. "आता तिची बॅग कधी पोचवतेस?"