तात्यांना खूण चालत नाही

एकनाथतात्या पहिल्यांदा आमच्या घरी आले ते टाकीचं पाणी कधी सोडणार हे विचारायला. मी सोसायटीचा सेक्रेटरी. त्यामुळे पाण्यासाठी, पार्किंगसाठी आणि वरच्या मजल्यावरच्या कुत्र्यासाठी माणसं माझ्याकडेच येतात. तात्या सोफ्यावर बसले. टीपॉयवर माझं अर्धवट वाचलेलं पुस्तक होतं, ते उचललं, त्यातली चामड्याची खूण अलगद बाहेर काढली, पुस्तक मिटलं आणि खूण माझ्या हातात देत म्हणाले, "हे घ्या, तुमचं काहीतरी पुस्तकात राहून गेलं होतं."

ती खूण मुलीनं जयपूरहून आणली होती. तिच्यावर उंट होता. मी तात्यांना नम्रपणे समजावलं की ती राहून गेली नव्हती, ठेवली होती. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू काही मी या वयात कुणाचं तरी बोट धरून चालत होतो.

"पुस्तक काय वावर हे का, बांध घालायला?" एवढं बोलून ते पाण्याचं न विचारताच गेले.

तात्या आमच्या अगदी खालच्याच फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे पिंपळगाव बसवंतकडचे. तिथल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये द्राक्षांच्या पेट्या आत घेण्यात आणि बाहेर काढण्यात त्यांचा जन्म गेला. मुलगा बंगळुरूला असतो. त्यानं म्हसरूळला हा फ्लॅट घेऊन दिला आणि तात्या व सुमनकाकू नाशिककर झाले. काकूंचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण वाचनाचा नाद जबरदस्त. आता साखरेपायी त्यांची नजर गेली आहे. संध्याकाळी गॅलरीत बसून त्या बोटांनी चाचपत मेथी निवडतात. आमच्या घरात डोळे असलेली चार माणसं आहेत, पण इतकी स्वच्छ मेथी आमच्याकडे कधी निवडली गेलेली नाही.

खुणेविरुद्ध तात्यांचं एक संपूर्ण शास्त्र आहे आणि ते थेट कोल्ड स्टोरेजमधून आलेलं आहे. "पेटीला चिठ्ठी लावली ना, की माणूस चिठ्ठी वाचतो, माल बघत नाय," हे त्यातलं पहिलं सूत्र. ते स्वतः म्हणे चिठ्ठीकडे ढुंकूनही बघत नसत, वासावरून पेटी ओळखत. याच पद्धतीनं त्यांनी एकदा काळ्या द्राक्षांच्या ऐवजी हिरव्या द्राक्षांची गाडी भरून मुंबईला लावून दिली होती. हेही तेच सांगतात आणि दोष गिऱ्हाइकाला देतात.

आमच्या क्लब हाउसमध्ये पुस्तकांचं एक कपाट आहे. घरात जागा नाही आणि रद्दीत द्यायला जीव होत नाही, अशी सगळ्यांची पुस्तकं त्यात असतात. कपाटाची किल्ली तात्यांकडे होती, कारण दिवसभर घरी असणारा आणि बोलावल्यावर येणारा दुसरा माणूस सोसायटीत नव्हता. आता नियम असा की पुस्तक वाचून झालं नसेल तर पंधरवड्यानं तात्यांना दाखवून मुदत वाढवून घ्यायची. तात्या मुदत आनंदानं वाढवत. मात्र पुस्तक वाचणाऱ्याच्या हातात परत देण्याआधी त्यातून रिक्षाची पावती, केसांची पिन, गोळ्यांचं रिकामं पाकीट, जे काही निघेल ते काढून एका बिस्किटाच्या डब्यात टाकत. पानाचा कोपरा दुमडलेला दिसला तर अंगठ्यानं दाबून सरळ करत. कुणी तक्रार केली की डबा पुढे करून म्हणत, "तुमचं काय असंल ते ओळखून घ्या."

बहुतेकांनी हसून सोडून दिलं. काहींनी पानांचे आकडे पाठ करायला सुरुवात केली. मी स्वतः मोबाइलवर पानांचे फोटो काढू लागलो. पण तिसऱ्या मजल्यावरच्या देशमुखबाईंचं प्रकरण चिघळलं. त्यांची रहस्यकथा अगदी रंगात आली होती. तात्यांनी त्यांची खूण काढली, बाईंनी अंदाजानं पुस्तक उघडलं आणि पहिल्याच ओळीत खून धाकट्या जावेनं केल्याचं समजलं. बाईंची स्वतःची धाकटी जाऊ तेव्हा त्यांच्याकडेच मुक्कामाला होती, त्यामुळे तो आठवडा त्यांना फार जड गेला.

मीटिंगमध्ये बाईंनी आणखी एक मुद्दा काढला. कपाटातली एक जाडजूड कौटुंबिक कादंबरी दिवाळीपासून तात्यांकडेच होती, आणि आता उन्हाळा लागला होता. त्या स्वतः मागायला गेल्या की तात्या म्हणत, चालू हे. यावर सगळे पोट धरून हसले. जो माणूस गावभर खुणा उपटत फिरतो, त्याचं स्वतःचं पुस्तक पुढे सरकत नाही. मीसुद्धा हसलो, नव्हे, सर्वांत मोठ्यानं हसलो, कारण उंटाचं दुःख अजून ताजं होतं. ठराव झाला: कपाटाची किल्ली आणि ती कादंबरी तात्यांकडून परत घ्यावी. घ्यायला जाणार कोण, यावर चर्चा झाली नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी मी खाली गेलो. दार उघडंच होतं. काकू दिवाणावर बसल्या होत्या आणि समोर खुर्चीवर तात्या, मांडीवर तीच कादंबरी. खालून रोज या वेळी वाचनाचा आवाज यायचा. तात्या पोथी वाचतात असं मी समजत होतो. त्यांनी मला हातानंच बस म्हणून खुणावलं. किल्लीचा विषय नंतर काढायचं ठरवून मी बसलो.

"कुठं थांबलो होतो गं?" तात्यांनी विचारलं.

"तुम्हाला नाय आठवत?" काकूंच्या चेहऱ्यावर विलक्षण समाधान होतं. "तुमचं हे रोजचंच. ती नवरी सासरी निघाली, अन् गाडी नदीच्या वाळूत रुतली. तिथं थांबलो होतो."

कादंबरी मी वाचलेली होती. ते दृश्य अगदी सुरुवातीचं. पुढे त्या नवरीला नातवंडं होतात. तात्यांनी पुस्तक मध्यावर उघडलं होतं. ते त्यांनी शांतपणे मिटलं, पहिली थोडी पानं चाळली आणि वाचायला लागले. गाडीवान ओरडतो तिथे ओरडले, नवरी रडते तिथे आवाज खाली आणला. काकू ऐकताना पदराचं टोक बोटांत घट्ट धरून बसल्या होत्या. मध्येच मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही वाचलं असंल तर पुढचं सांगू नका बरं का."

थोड्या वेळानं त्यांची मान कलली. तात्यांनी पुस्तक मिटलं, त्यांच्या अंगावर शाल घातली आणि मला जिन्यात घेऊन आले. मी किल्लीबद्दल काहीच बोललो नाही. खूण का ठेवत नाही, एवढंच विचारलं.

"एकदा खूण निघाली, पण ती मी ठेवलीच नव्हती, सेक्रेटरीसाहेब," तात्या म्हणाले. "कपाटातलं पुस्तक आणलं, त्यात कुणाचं तरी बशीचं तिकीट होतं. पार शेवटाकडं. तिनं हातात घेतलं, बोटाला ते लागलं. मला म्हणली, आपलं इथवर झालं? मग मला काहीच कसं आठवत नाय? मी लय सांगितलं, अगं ते दुसऱ्याचं हे, आपण सुरू बी नाय केलं. तिला पटंना. लेकराची शपथ घालून विचारायला लागली, माझं काय काय गेलं ते खरं सांगा म्हणून."

त्यांनी जिन्यात कुणी येतंय का ते पाहिलं.

"आधीच विसरायला लागली होती, ते खरं हे. पण तोवर तिचं तिला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी कळलं. दोन दिवस जेवली नाय. मग तेबी विसरली, बरं झालं. तवापासून कुणाच्या पुस्तकात कागूद राहू देत नाय मी. कोणचं पुस्तक कधी घरी आणावं लागंल, काय सांगावं? अन् आता आपल्या घरात ती म्हणंल तिथं आपण थांबलो होतो."

 मग त्यांनीच खिशातून किल्ली काढली आणि माझ्यापुढे धरली. मीटिंगचं त्यांच्या कानावर आलेलं होतं. "ही न्या. फक्त ते पुस्तक राहू द्या थोडे दिवस. तिला त्या पोरीची काळजी लागून राहिली हे."

मी किल्ली त्यांच्या मुठीत परत ठेवली आणि वर आलो. देशमुखबाईंना सांगितलं की सेक्रेटरीच्या अधिकारात ठराव स्थगित केला आहे. असा काही अधिकार असतो का, हे त्यांनी विचारलं. असतो म्हणून सांगितलं. त्यांना ती कादंबरी माझ्या पैशानं नवी आणून दिली, तेव्हा कुठे त्या गप्प बसल्या. उंटाची खूण मी मुकाट्यानं तात्यांच्या डब्यात टाकून आलो.

परवा संध्याकाळी मी गॅलरीत कपडे काढत होतो. खालून तात्यांचा आवाज आला. "कुठं थांबलो होतो गं?"

बराच वेळ काकू काही बोलल्या नाहीत. मी शर्ट हातात धरून तसाच उभा राहिलो. गाडी, नदी, वाळू, काहीतरी आठवू दे, एवढंच मनात म्हणत होतो.

"थांबलो कुठं?" काकू म्हणाल्या. "हे पुस्तक आपण अजून उघडलंय कधी?"

"ते बी खरंच," तात्या म्हणाले. "मी तेच म्हणणार होतो. लय चांगलं हे म्हणत्यात, बघू या."

आणि त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली.