पळती शाळा आणि गंगूबाईची वांगी

साऱ्या वऱ्हाडात पोरं पळवावीत तर या जानराव मास्तरानेच! हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

चांदूर बाजारापासून दीड मैलावर, माळ्यांच्या मळ्यांत आमची एका खोलीची शाळा. पटावर पोरं अडतीस. हजर कधी नऊ, कधी अकरा. बाकीची सकाळी आयांच्या मागे भाजी घेऊन बाजारात जायची आणि रमतगमत दुपारी उगवायची. अशात वरून कागद आला. पुढच्या महिन्यात डिपटी साहेब तपासणीला येणार, आणि दहाच्या घंटेला तीस पोरं दिसली नाहीत तर शाळा बंद.

नोकरी गेली तर गेली, असं मी म्हणणार होतो, पण खोटं कशाला बोलू? दोन दिवस जेवण गोड लागेना. त्यात चौथीतली शालू येऊन दाराशी उभी राहिली.

"मास्तर, शाळा बंद झाली तं मले दिवसभर वांगेच तोडा लागतीन. मले चौथी पास व्हायचं हाय."

मी तो कागद पुन्हा काढून वाचायला घेतला.

त्याच कागदाच्या शेवटी एक ओळ होती. गरीब वस्तीतल्या मुलांना प्रकृतीसाठी रोज चालवावे व पळवावे. ती वाचली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. पोरं बसायला बोलावून येत नाहीत ना, मग पळायला बोलावू! दुसऱ्याच दिवसापासून आठला शिट्टी सुरू केली. बाजाराच्या नाक्याला हात लावायचा आणि दहाच्या आत परत यायचं. मी मात्र शिट्टी फुंकून मागच्या अंगणात खुर्चीवर बसून चहा घ्यायचो. पळवणाऱ्याने कशाला पळायचं?

आणि काय सांगू तुम्हाला, पंधरा दिवसांत हजेरी अडतीस! पोरं घामाघूम होऊन परत यायची आणि मुकाट्याने पाटी काढून बसायची. अंगाला सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास यायचा खरा, पण माळ्याच्या पोरांना दुसरा कशाचा येणार, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

तपासणीच्या दिवशी डिपटी साहेब दमणीतून उतरले. मी कोट-टोपी घालून सज्ज होतो.

"साहेब, आमची पोरं कशी पळतात ते बघाच."

शिट्टी फुंकली. अडतीसच्या अडतीस पोरं उधळली आणि रस्त्याला लागायचं सोडून डाव्या-उजव्या कुंपणांतून मळ्यांत घुसली. अंगणात उरलो मी, साहेब आणि दमणीचे बैल.

साहेबांनी खिशातून घड्याळ काढलं. "मास्तर, पटावर अडतीस म्हणालात ना?"

मी तोंड उघडणार तोच कुंपणं हलली आणि पोरं बाहेर आली. प्रत्येकाच्या डोक्यावर टोपली. मेथी, पालक, मुळे, सांभार! सगळी सुसाट, आणि सगळ्यांच्या पुढे शालू.

"मास्तर, बाजूले व्हा."

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

मला कुठे माहीत होतं? पण जीभ माझ्याही पुढे पळाली. "ओझं घेऊन पळणे, साहेब. माझी स्वतःची पद्धत आहे. मानेला बळ येतं."

"वा!" साहेब खूश झाले. "आणि तुम्ही काय करता?"

"मी रोज त्यांच्या मागोमाग असतो."

"मग निघा की. पोरं पुढे गेली."

निघालो. दहा पावलं गेलो नाही तोच कुंपणाशी शालूची आई गंगूबाई आडवी आली, हातात वांग्यांची भलीमोठी टोपली.

"मास्तर, रिकाम्या डोक्यानं काहून चालले? पोरं बजारात जाऊनच राहिले तं भाजी टाकून येतात, आन वखतावर शाळेतबी बसतात. आता तुमी जाऊन राहिले तं हे वांगे घेऊन जा."

माझ्या अडतीस हजेरीचं गुपित मला असं कुंपणाशी कळलं. मागे वळून पाहिलं तर साहेब कौतुकाने मान डोलावत होते. पद्धत माझी स्वतःची ना! घेतली टोपली डोक्यावर.

नाल्याच्या पुलापर्यंत पोचलो. तिथे पाय म्हणाले, आता पुरे. टोपली खाली ठेवून बाभळीखाली बसलो तो उठवेना. थोड्या वेळात पोरं रिकाम्या टोपल्या घेऊन परत आली आणि माझ्याभोवती गोळा झाली.

"मास्तर, चक्कर आली का?" शालू वाकून बघायला लागली. "टोपली मले द्या. तुमी माह्या खांद्यावर हात ठेवा."

"मला सोड," मी म्हटलं. "दहाला हजेरी आहे, शालू. पोरांना घेऊन पळ. आज खरं पळा."

पळाली पोरं. काय पळाली! अशी पळताना मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि डोळे भरून आले. थोडे घामानेही भरले असतील.

मी टोपलीसकट शाळेत पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. साहेब केव्हाच गेले होते. शालू पोरांकडून पाढे म्हणवून घेत होती आणि टेबलावर शेरेबुक उघडं होतं.

"पटावरील मुले अडतीस, हजर अडतीस. शाळा चालू ठेवावी. घंटेच्या वेळी शिक्षक गैरहजर. ओझ्याची पद्धत उत्तम आहे, शिक्षकाने ती रोज करावी."

तेव्हापासून आठची शिट्टी शालू फुंकते. माझ्याकडे वांगी असतात. हलकी म्हणून मेथी मागून पाहिली, पण गंगूबाई म्हणते, मेथी सुकायच्या आत बाजारात पोचावी लागते.