जर्मन कंपनीचा इथला माणूस

रत्नमालाला पाहायला मुलचेऱ्याहून पाहुणे येणार म्हटल्यावर सुगंधाबाईंनी नवऱ्याला एकच गोष्ट बजावली.

“अवो, आज जरा कमी बोलजा.”

“मी कुठी जास्त बोलतो?” गुणवंतराव म्हणाले, आणि या विषयावर पाहुणे दारात येईपर्यंत बोलत राहिले.

गुणवंतरावांची नोकरी तशी सुखाची होती. क्राउझे नावाचे साहेब पश्चिम जर्मनीहून हिवाळ्यात यायचे, चंद्रपूर-गडचिरोलीच्या सॉ मिलवाल्यांना लाकूड कापायची यंत्रं दाखवायचे आणि ऊन तापायला लागलं की पळून जायचे. ते असेपर्यंत गुणवंतरावांनी त्यांची पिशवी धरायची, पाणी उकळून द्यायचं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत दुभाष्याचं काम करायचं. साहेबांचं दुपारचं जेवण गुणवंतरावांच्याच घरी असे. उरलेलं वर्ष गुणवंतराव चंद्रपूरच्या जटपुरा गेटजवळच्या पानठेल्यावर उभे राहून जर्मन कंपनी चालवत. ऐकणारे फुकट ऐकत, त्यामुळे कुणी हरकत घेत नसे.

पाहुण्यांत मुलाचे वडील सोमाजी होते, शाळेत मास्तर असलेला मुलगा होता आणि मुलाचे मामा भैयाजी होते. जयभीम झाला, पोहे आले. मास्तरांनी आणि रत्नमालाने एकमेकांकडे चोरून पाहिलं आणि दोघांनाही ते बरं वाटलं, हे गुणवंतरावांच्यासुद्धा लक्षात आलं. भैयाजी गप्प बसून पोहे खात होते.

“गुणवंतभाऊ, कंपनीत तुमच्याकडं काम काय म्हनाव?” सोमाजींनी विचारलं.

“काम?” गुणवंतराव मागे रेलले. “अवो, इथची कंपनीच मी हाय! पयले एकच जिल्हा होता. आता सरकारनं गडचिरोली वेगळी केली तं माह्याकडं दोन जिल्हे झाले.”

“पन कंपनी तं जर्मनची.”

“असंल. साहेब येते, जंगल पाहते अन जाते. भाव मी ठरवतो, सौदा मी करतो. मी हो म्हनलं का तिकडं मशीन पेटीत भरून राह्यले समजा.”

भैयाजींचा चमचा बशीतच थांबला.

“सौदा तुम्हीच पक्का करता? नेहमी?”

“नेहमी म्हंजे? आजचा धंदा हाय काय हा?”

“आणि कुठे बसून?”

“इथीच! तुमी बसले न, थेच ऑफिस.”

“म्हणजे कायमचं ठिकाण आहे.”

“कायमचं! एकदम खुटा गाडून!”

आतून सुगंधाबाईंनी एक भांडं जरा जोरात ठेवलं. गुणवंतरावांना ते दाद दिल्यासारखं वाटलं.

भैयाजींनी बशी खाली ठेवली, रुमालाने हात पुसले आणि स्वतःची ओळख करून दिली. “मी नागपूरला इन्कम टॅक्समध्ये इन्स्पेक्टर आहे. तुमच्या कंपनीची फाइल माझ्याच टेबलावर आहे.”

गुणवंतरावांच्या तोंडातले पोहे तोंडातच राहिले.

“त्याचं असं आहे,” भैयाजी म्हणाले. खात्याचं बोलायला मिळालं की त्यांना कंठ फुटत असे. “आपल्यात आणि जर्मनीत करार झालाय. जर्मन कंपनीने इथे माल विकून नफा कमावला, तर त्यावर कर जर्मनीने घ्यायचा, आपण हात लावायचा नाही. पण कंपनीचं इथे कायमचं बस्तान असलं, किंवा तिच्या नावाने नेहमी सौदे पक्के करणारा माणूस इथे बसलेला असला, तर त्या बस्तानातून झालेल्या नफ्यावर कर आपला. तुमच्या कंपनीने लिहून दिलंय, की आमचं भारतात ऑफिस नाही, माणूस नाही, सौदे सगळे जर्मनीत होतात. मी वर्षभर तो माणूस शोधतोय.”

“सापडला म्हना की!” सोमाजी होणाऱ्या व्याह्याकडे अभिमानाने पाहत म्हणाले.

“मंग कर कंपनी भरंल,” गुणवंतराव कसेबसे म्हणाले.

“कंपनी राहिली समुद्रापलीकडे. कायदा इथल्या एजंटाला धरतो. नोटीस त्याला, आणि वसुलीही त्याच्याकडून.”

गुणवंतराव कात्रीत सापडले. एजंट आहे म्हणावं तर जर्मनांचा कर आपल्या बोडख्यावर, आणि साहेब नोकरीवरून काढतील ते वेगळंच. नाही म्हणावं तर सोमाजींच्या चेहऱ्यावरचं हे कौतुक मावळणार आणि पोरीचं जमत आलेलं मोडणार. त्यांनी रत्नमालाकडे पाहिलं. ती ट्रे छातीशी धरून दारात उभी होती आणि तिचा चेहरा उतरला होता. बिचाऱ्या गुणवंतरावांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या जिभेचा मनापासून राग आला.

“मी पिशवी धरतो,” ते म्हणाले.

“काय?”

“साहेबाची पिशवी. अन पानी उकळून देतो. भाव कोन ठरवते, सौदा कुठी होते, मले काहीच ठाऊक नाई. लोकाइले सांगून सांगून मलेबी खरं वाटाले लागलं होतं.”

वर्षभराची शिकार हातातून निसटल्यामुळे भैयाजींचा चेहरा पडला आणि पिशवीवाल्याची पोरगी सून म्हणून आणायची की काय, या विचाराने सोमाजींचा. मास्तर खाली मान घालून जमिनीकडे पाहत राहिले.

“येतो आमी,” सोमाजी उठत म्हणाले. “कळवतो.”

मुलीकडच्यांना ‘कळवतो’चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पाहुणे चपला घालत असतानाच फाटक लोटून नागभीडचे देवराव आत आले. देवरावांची सॉ मिल होती. सारा जन्म लाकूड कापणाऱ्या आऱ्याजवळ गेल्यामुळे त्यांना ऐकू कमी येई आणि बोलणं मात्र आऱ्याच्या वरच्या पट्टीत असे.

“बाई हायेत काय घरी?”

“साहेब जर्मनीले गेले, देवरावभाऊ,” गुणवंतराव म्हणाले.

“साहेबासंग मले काय करा लागते? बाईले बोलवा!”

सुगंधाबाई दारात येऊन डोळ्यांनी खुणा करू लागल्या. देवरावांची नजरही बेताचीच होती.

“बाई, मांगची मशीन मस्त चालून राह्यली! अखीन एक पायजे. पन भाव मांगचाच लावा!”

“भाऊ, पाहुने हायेत घरी…”

“हाव, पाहुन्याइलेबी घेऊ द्या! मले फक्त हो म्हना, म्हंजे रत्ना तार लिहाले मोकळी!”

भैयाजींनी चपला परत काढल्या आणि ते पहिल्या जागी जाऊन बसले.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. सुगंधाबाई पदर खोचून बाहेर आल्या. “पयल्या वर्षीची गोष्ट हाय. साहेब इथी जेवत होते, हे पानठेल्यावर गेले होते. एक ठेकेदार आला अन भाव पाडून मांगाले लागला. साहेब भोळे, देऊनच टाकत होते. मले राहावलं नाई. भाजीवाल्यासंग करतो तशी घासाघीस केली, रत्नानं साहेबाले इंग्रजीत सांगतलं. तवापासून साहेब म्हनते, बाई हो म्हनतीन तवाच सौदा. मी भाव करतो, रत्ना तार करते, तिकडं नुसती सही होते.”

“अन हे…” गुणवंतराव बायकोकडे वळले. “हे माह्या घरात, अन मले सांगतलं काऊन नाई?”

“तुमाले सांगतलं असतं तं पानठेल्याले कळलं असतं. अन पानठेल्याले कळलं असतं तं इन्कम टॅक्सले कळाले कितीक वेळ?”

यावर इन्कम टॅक्ससुद्धा हसलं. मग खात्याची आठवण होऊन भैयाजी गंभीर झाले. “बाई, नोटीस तुमच्या नावाने निघेल.”

“काढा. पन मले सांगा साहेब, इथी कर भरल्यावर जर्मनवाले त्याच नफ्यावर पुन्हा घेतीन काय?”

“नाही. करार त्याचसाठी आहे. इथल्या बस्तानाचा नफा इथे, बाकीचा तिथे. एकाच नफ्यावर दोघांनी हात मारायचा नाही.”

“मंग साहेबाचं काय नुकसान झालं? तिथी भरलं असतं थे इथी भरतीन. पैसे पाठवा म्हनून आजच तार करतो.”

सोमाजी केव्हाच खाटेवर परत बसले होते. “पोरगी पसंत हाय!” त्यांनी जाहीर केलं. मास्तरांचा श्वास मोकळा झाल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. “लग्न चंदरपुरात करू. अन मंग मुलचेऱ्याले गावजेवन, थेबी तुमच्याचकडून! कंपनीवाले हाय तुमी!”

“सोमाजीभाऊ,” सुगंधाबाई गोड आवाजात म्हणाल्या, “भैयाजीसाहेबानं आत्ता काय सांगतलं? इथचं जेवन आमी देऊ. तुमच्या गावचं तुमी द्या. एकाच लग्नावर दोनदा नाई.”

सोमाजींनी आशेने मेहुण्याकडे पाहिलं. भैयाजी काही वेळ छताची कौलं न्याहाळत बसले.

“करार तो करार, भाऊजी,” ते शेवटी पुटपुटले.

“अवो,” सुगंधाबाई नवऱ्याला म्हणाल्या, “जरा चा ठेवता काय? देवरावभाऊचा सौदा राह्यला.”

गुणवंतराव स्वयंपाकघरात गेले. चहापत्ती सापडली, दूध समोरच होतं, पण साखरेचा डबा काही केल्या हाती लागेना. विचारावं म्हटलं तर बाहेर भाव करताना सुगंधाबाईंचा आवाज चढला होता आणि अशा वेळी मधे बोलायची सोय नव्हती. त्यांनी तसाच चहा गाळला आणि बाहेर आणला.

सोमाजींनी पहिला घोट घेतला आणि त्यांचं तोंड कसंनुसं झालं. “गुणवंतभाऊ, साखर…”

“जर्मनीत असाच पेतात,” गुणवंतराव ताठ होत म्हणाले. “साहेबाले मीच शिकवला.”

सोमाजींनी आदराने मान हलवली, सगळा चहा बशीत ओतून पिऊन टाकला आणि आणखी अर्धा कप मागितला.