आश्रुबा एकदम बरे हायत

लाडूला पुण्याहून गावापर्यंत जिवंत आणायचं, एवढं एकच काम शिवकन्येनं बापावर सोपवलं होतं, आणि आश्रुबानं ते देवाची पालखी खांद्यावर घ्यावी तसं अंगावर घेतलं होतं.

लाडू म्हणजे कुत्रा. पग जातीचा. तोंड असं चपटं, की नाक आहे हे त्याच्या घोरण्यावरूनच कळावं. उन्हात चार पावलं टाकली की धाप. शिवकन्येला कंपनी सहा महिन्यांसाठी जर्मनीला पाठवत होती आणि विमानवाल्यांनी असल्या चपट्या तोंडाचं कुत्रं घ्यायला साफ नकार दिला. वाटेत श्वास कोंडून मेलं तर निस्तरायचं कुणी? मे महिन्यात रेल्वेच्या मालडब्यात घालणं म्हणजे भट्टीत घालणं. शेवटी तिनं फोन लावला तो आईला नाही, बापाला. यात विशेष हे, की तीन वर्षांपूर्वी आश्रुबा तिला म्हणाला होता, "ऊसतोडीची लेकरं पालात निजायलेत अन् तुझं कुत्रं एसीत!" त्या दिवसापासून बापलेकीचं सगळं बोलणं तिच्या आईमार्फत, केशरबाईमार्फत चालायचं. आता मात्र ती म्हणाली, "आबा, तुमच्याशिवाय माझा कुणावर भरवसा नाही." आश्रुबानं दुसरं काही ऐकलंच नाही. पहिली एसटी धरून तो पुण्याला गेला.

परतीच्या गाडीचा प्रश्नही झकास सुटला. आश्रुबाचा भाचा जीवन ॲम्ब्युलन्स चालवायचा. एक पेशंट पुण्याला सोडून तो रिकामाच परत निघाला होता. आत एसी, ऑक्सिजनचं नळकांडं, झोपायला गादी. लाडूसाठी यापेक्षा चांगली गाडी आख्ख्या पुण्यात मिळाली नसती.

जनावरांच्या डॉक्टरनं बजावलं होतं, "गळ्यात पट्टा नको, छातीला बांधा. हवा थंड ठेवा. थोडं थोडं पाणी पाजा. आणि मुख्य म्हणजे दचकू देऊ नका." फोन वाजला की लाडू दचकतो, असं दिसल्यावर आश्रुबानं आपला फोन बंद केला, जीवनचाही काढून घेतला.

"मामा, धंद्याचा फोन हाय तो!"

"चुलीत गेला धंदा. गाडी सांभाळून चालव."

पहाटे निघालेली गाडी देवगाव फाट्यापर्यंत सुखरूप आली. तिथं सावलीत थांबून आश्रुबानं लाडूला पाणी पाजलं आणि स्वतः चहा घेतला. तेवढ्यात गावातला बजरंग भेटला.

"काका, ॲम्ब्युलन्स? आत कोन हाय?"

"लाडू. बोलू नको मोठ्यानं, निजलाय. असं कर, काकूला एक फोन लाव. माझा बंद हाय, ती काळजीत असंल."

बजरंग मुलखाचा सरळ. सगळा घोळ तिथंच झाला. त्यानं केशरबाईला फोन लावून खरं ते सांगितलं. "काकू, काका ॲम्ब्युलन्समधून यायलेत. पण एकदम बरे हायत. काई काळजी करू नका."

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं मेल्याची बातमी फोनवर कुणी सरळ सांगतं का? ऐकणारा वाटेत कोसळू नये म्हणून माणूस गेला की 'तब्येत जरा नरम हाय' म्हणतात. फार वाईट मरण असलं तर 'बरे हायत' म्हणतात. केशरबाईनं आयुष्यात असे फोन काय कमी ऐकले होते? तिनं जो टाहो फोडला, तो वेशीपर्यंत गेला.

शेजारची कुसुमबाई धावत आली. तिनं पडलेला फोन उचलला. "बजरंगा, खरं खरं सांग."

"आईशप्पथ बरे हायत. आत्ता माज्यासमोर चहा पिले."

कुसुमबाईनं फोन ठेवला आणि डोळ्याला पदर लावला. "लेकरू किती समजूत घालायलंय बिचारं."

मग दिनकररावांनी सूत्रं हातात घेतली. भावकीत कुणी गेलं की पुढचं सगळं दिनकरराव बघायचे आणि खरं सांगायचं तर ते काम ते लय मन लावून करायचे. चूल विझवली. दारात मांडव घातला. हरिओम नावाच्या पोराला सामान आणायला मानवतच्या बाजारात पिटाळलं. शिवकन्येलाही त्यांनीच फोन केला, "आबाची तब्येत जरा नरम हाय. घाबरू नको. पण आत्ता निघ." लेक पुण्याहून यायची म्हणजे दिवस मावळणार, तोवर या उन्हात कसं ठेवायचं, म्हणून बर्फाच्या लाद्याही मागवल्या.

इकडं आश्रुबाला यातलं काही ठाऊक नाही. फाट्यापुढं रस्त्याचं काम चाललं होतं. लाडूला हिसके बसू नयेत म्हणून तो जीवनला बैलगाडीच्या चालीनं चालवायला लावत होता. ऐन दुपारी गाडी दारात पोचली. समोर मांडव, टोप्या, बायांचा गलका. मागचं दार बाहेरून कुणीतरी उघडलं, तसा तो लाडूला छातीशी धरून खाली उतरला.

"कोन गेलं?" त्यानं विचारलं.

कुसुमबाई म्हणाली, "तुमी."

मग जो कल्लोळ उठला, तो आधीच्या रडण्याच्या दुप्पट होता. केशरबाई हसत होती का रडत होती, तिचं तिलाच कळेना. जो तो आश्रुबाला हात लावून पाहायला पुढं घुसला आणि त्या चेंगराचेंगरीत लाडू दचकला. त्याचे डोळे बाहेर आले. घशातून करवत चालवल्यासारखा आवाज येऊ लागला. जीभ निळी पडायला लागली.

"मागं सरा!" आश्रुबा ओरडला. "मी मेलो तर मेलो, ह्याला कायी झालं तर पोरीला तोंड कसं दाखवू? वारं येऊ द्या रे!"

असा केविलवाणा आवाज गावानं त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. माणसं भराभर मागं हटली. जीवननं ऑक्सिजनची नळी लाडूच्या तोंडापुढं धरली. हरिओमनं बर्फाची लादी मांडवात ठेवून तिच्यामागं पंखा लावला. दिनकररावांनी नवं कोरं पांढरं कापड टराटरा फाडून पाण्यात बुचकळलं. ते कशासाठी आणलं होतं, हे कुणी काढलं नाही. आश्रुबा त्या कापडानं लाडूचे पाय, पोट पुसत राहिला. "ऱ्हा रे लेकरा, ऱ्हा," एवढंच त्याच्या तोंडात. मांडवाखाली आख्खं गाव श्वास धरून एका कुत्र्याचा श्वास ऐकत बसलं. हळूहळू करवत थांबली आणि नेहमीचं घोरणं सुरू झालं. केशरबाईनं हात जोडले.

मग कुणाला तरी आठवलं, अरे, शिवकन्या! आश्रुबा लाडूपासून हलायला तयार नव्हता, म्हणून फाट्यावरून येऊन पोचलेल्या बजरंगनं फोन लावला. पलीकडं तिची मैत्रीण प्रियंका बोलली. ती गाडी चालवत होती, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"ताईला सांगा, काका ठणठणीत हायत. येऊ नका, परत फिरा."

हे ऐकून शिवकन्येला जो हुंदका फुटला, तो बजरंगला इकडं ऐकू आला. पोर पुण्यात राहत असली तरी जन्मली याच मातीत ना! पुढचं ऐकवेना म्हणून तिनं फोनच बंद करून टाकला. नंतर आश्रुबानं स्वतः लावून पाहिला, पण लागेना.

दिवेलागणीला गाडी दारात थांबली. लाडू धडपडत तिच्याकडं धावला. शिवकन्येनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ओट्यावर बसलेल्या बापाला पाहून ती जागीच थांबली आणि मग धावत येऊन त्याच्या गळ्यात पडली. मोठ्यानं रडली. आश्रुबाला काय करावं समजेना. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. "अगं, कुत्रं बरं हाय. खरंच बरं हाय."

"मरू दे कुत्रं!" शिवकन्या म्हणाली आणि आणखी रडली.

जरा वेळानं आश्रुबानं भीत भीत विचारलं, "तुझं आजचं इमान?"

"गेलं."

"माज्यामुळं झालं, माय."

तिनं डोळे पुसले आणि साहेबांना फोन लावला. निघताना वडील गेले म्हणून कळवून आली होती. आता खरं सांगायला हवं. "सर, वडील बरे आहेत. एकदम बरे आहेत. मी उद्याच निघू शकते."

साहेब मूळचे येलदरीकडचे, म्हणजे आपल्याच मुलखातले. पलीकडून त्यांचा जड आवाज आला, "धीर धर, बेटा. जर्मनीचं मी पुढं ढकलतो. तेरावं झाल्याशिवाय निघायचं नाही."

"अहो सर, खरंच..."

"मला कळतं बेटा," म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

ती पुन्हा फोन लावायला लागली, तसा आश्रुबानं तिचा हात धरला. तीन वर्षं जे म्हणायला जीभ उचलली नव्हती, ते तो जमिनीकडं बघत म्हणाला, "राहू दे की माय. तेवढे दिवस ऱ्हा."

शिवकन्येनं फोन बाजूला ठेवला आणि आईला चूल पेटवायला सांगितली.