येणाऱ्या कॉम्प्युटरची खोली

भालचंद्र देवस्थळींच्या मयूर विहारमधल्या फ्लॅटमध्ये कॉम्प्युटर सोडून कॉम्प्युटरचं सगळं होतं. सनमायकाचं टेबल होतं, स्टॅबिलायझर होता, त्यांच्या बायकोने, लताने हौसेने शिवलेलं झालरीचं कव्हरही होतं. त्या खोलीला चक्क एसी होता! दिल्लीच्या मे महिन्यात घरातली माणसं ओले टॉवेल अंगावर घेऊन तळमळायची, पण एसीला हात लावायची सोय नव्हती.

"तो मशीनसाठी आहे," भालचंद्र सांगायचे. "माणसांना पंखा बिल्कुल पुरतो."

त्या खोलीत चपला घालून जायचं नाही, हाही नियम होता. दर दसऱ्याला रिकाम्या टेबलाला झेंडूचा हार घालून साग्रसंगीत पूजा व्हायची. शस्त्रपूजन म्हणे! शस्त्राचा पत्ता नाही आणि हळदकुंकू मात्र वेळच्या वेळी.

लता विद्यापीठाशेजारच्या मुनिरक्यात राहणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइपरायटरवर टाइप करून द्यायची. पण आता प्राध्यापक मंडळी कॉम्प्युटरवरचाच प्रबंध मागायला लागली होती. एकेक विद्यार्थी गळत चालला, तसा तिचा जीव कासावीस व्हायला लागला. एवढ्या वर्षांचं स्वतःचं काम असं डोळ्यांदेखत जाताना कुणाला बघवेल?

"अहो, यंदा तरी आणू या ना. पोरं दुसरीकडे जायला लागलीत."

"अगं, थांब! आज फोर-एटी-सिक्स घेतला आणि दिवाळीत पेंटियम आला म्हणजे? लोक हसतील."

पेंटियम आला. भालचंद्र म्हणाले, "आला ना? आता ह्याचा बाप येईल बघ. त्याच्यासाठी थांबू."

दर शनिवारी ते नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन पिशवीभर माहितीपत्रकं आणायचे. तिथला दुकानदार लांबूनच हात जोडायचा, "आइए साब, आज क्या नहीं लेंगे?"

न घेता एवढी माहिती असलेला माणूस सोसायटीत दुसरा नव्हता, त्यामुळे सगळे सल्ला विचारायला त्यांच्याकडेच यायचे. शेजारच्या हरीशने आपल्या थ्री-एटी-सिक्सबद्दल विचारलं, तेव्हा भालचंद्र नाक मुरडून म्हणाले, "कबाड़ है यार! निकाल दो." हरीशने तो खरंच काढून टाकला.

त्यानंतर लताने कॉम्प्युटरचा विषय काढणंच बंद केलं. ती रोज दुपारी खालच्या मजल्यावर वीणाताईंकडे भजनाला जायला लागली. बायकोला उशिरा का होईना, सद्बुद्धी झाली, असं भालचंद्रांना वाटलं. भजनात नवं मॉडेल येत नसल्यामुळे त्यांनी अधिक चौकशी केली नाही.

दसऱ्याच्या सकाळी नव्या माहितीपत्रकाने घात केला. आजवर आडवा असणारा कॉम्प्युटरचा डबा आता उभा येणार होता! म्हणजे तो टेबलावर राहणार, मग आडव्या डब्यावर बसणारा मॉनिटर कुठे ठेवायचा? भिंतीवर फळी हवी. लता खाली गेलेली होती. भालचंद्रांनी हरीशचं ड्रिल मशीन आणलं आणि भिंतीला लावलं. भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे, हे त्यांच्या कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं.

पाइप फुटला. पाण्याची धार थेट टेबलावरच्या हारावर आदळली. त्यांनी झालरीचं कव्हर भोकात कोंबलं, तर ते बाहेर फेकलं गेलं. मेन कॉक कुठे आहे ते लताला ठाऊक. ठेकेदाराने स्लॅबमध्ये सिमेंट बेताचंच घातलेलं, त्यामुळे पाणी खाली पोचायला वेळ लागला नाही. खालून वीणाताई ओरडल्या, "अहो देवस्थळी, आमच्या पंख्यातून पाऊस पडतोय!"

भालचंद्र धावत खाली गेले. आतल्या खोलीच्या दारात ते थबकले आणि सवयीने त्यांनी चपला काढल्या. आत कॉम्प्युटर होता! त्याला झेंडूचा हार घातलेला होता, आणि लता त्याच्यावर छत्री धरून उभी होती. पदराखाली कागदांचा गठ्ठा होता.

"बघत काय राहिलात? जिन्यातल्या पेटीत कॉक आहे, तो बंद करा आधी! वीज मी बंद केलीय. संघपालचा प्रबंध उद्या द्यायचाय, एक पान भिजलं तर बघा!"

कॉक बंद झाला. भालचंद्र निथळत परत आले. "हा... हा कुणाचा?"

"माझा. हरीशभाईंकडून घेतला. तुम्हीच कबाड़ म्हणालात, म्हणून स्वस्तात मिळाला."

"आणि भजन?"

"अहो, मुनिरक्यातली अर्धी पोरं ह्याच भजनाने डॉक्टर झालीत," वीणाताई फरशी पुसता पुसता म्हणाल्या.

"पण लता, थ्री-एटी-सिक्स! पुढच्या वर्षी ह्याचे पार्टसुद्धा..."

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. आणि ऐका, उन्हाळ्याच्या आत तो एसी खाली आणून ह्या खोलीत बसवा."

भालचंद्रांचा चेहरा एकदम खुलला. शेवटी बायकोला पटलं तर! "बघ, मी म्हणत नव्हतो? मशीनला एसी लागतोच."

"मशीनला पंखा बिल्कुल पुरतो," लता म्हणाली आणि तिने छत्री मिटली. "एसी माझ्यासाठी."