वरच्या मजल्यावरचे कंट्रोलर

आमच्या वर राहणारे शिंदे कंट्रोलर कुणाला नमस्कार करत नाहीत. शर्टाचं वरचं बटण काढतात, खांद्याखालचा उंचवटा दाखवतात आणि म्हणतात, "हात लावून बघा. मशीन आहे."

भाजीवालीलाही दाखवलं. ती म्हणाली, "झाका काका, कोथिंबीर फुकट देते."

सगळी नोकरी स्वारगेटला बस सोडण्यात गेली. त्यामुळे काळीजही डेपोसारखं समजावतात. "भाऊ, हृदयाला वर दोन खोल्या, खाली दोन. मधे चिवट पडदा, आपल्या स्लॅबसारखा. त्यातून करंट जात नाही. वरचा कंट्रोलर सिग्नल देतो, तो खाली जायला वाट एकच. माझी तीच बंद पडली. वरून हुकूम सुटतोय, खाली गाडी हलेना! म्हणून मशीन."

मी चौथीत शाळा सोडलेला. म्हणायचो, "आणि तोंड कुठल्या वायरीवर चालतं?" ते खूश व्हायचे.

माझी बायको हिरा गेली आणि ह्यांनी नवीन खूळ काढलं. रोज सकाळी काठीने जमिनीवर ठोकायचं. म्हणजे माझ्या डोक्यावर. मला अंथरूण सोडावंसं वाटत नसे. चिडून उठायचो, जळमटं काढायच्या झाडूच्या दांड्याने छताला दणका द्यायचो, वर एक शिवी. मग शांत.

काल डोकं फिरलं. दणका न देता झाडू घेऊनच जिना चढलो. दार उघडंच होतं. शिंदे गॅससमोर काठी धरून बसलेले. पातेल्यात पाणी, गॅस बंद.

"लाज आहे का? माणूस गेलेल्या घरावर ठोकता?"

त्यांचा हात सवयीने बटणाकडे गेला, तिथेच थांबला.

"वहिनी गेल्या त्या सकाळी तुम्ही त्यांना उठवत होतात. मला वर ऐकू येत होतं. हाक जातेय, उत्तर नाही. तेव्हापासून मी ठोकतो. तुम्ही खालून ठोकलंत की चहा ठेवतो. आज उत्तर आलं नाही, म्हणून बसलो होतो."

उत्तर? मी तर त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. झाडू पाठीमागे लपवला.

"झाडू कशाला आणलात, भाऊ?"

"जळमटं झालीत तुमच्याकडे," म्हणालो आणि काढत बसलो. मान वर ठेवली की कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

आज ठोकायच्या आधीच जागा होतो. वरून ठकठक झाली. मी दांडा हळूच टेकवला.

खिडकीतून ओरडले, "भाऊ, बरं नाही का? आज जोर नाही!"

मग दिला नेहमीचा दणका. वर पातेलं वाजलं.