फियाटचा जुना आवाज

मंगळवारी सकाळी सोमाजी गुरुजींच्या फियाटचा सायलेन्सर सावली गावच्या बाजारचौकात गळून पडला, आणि शनिवार उजाडला तरी नवा बसला नव्हता. सायलेन्सर मिळत नव्हता असं नाही. प्रणित मिस्त्रीच्या गॅरेजात तीन तयार होते. गुरुजींना त्यातल्या एकाचाही आवाज पसंत पडत नव्हता.

गुरुजींच्या पत्नी सत्यशीलाबाई सकाळपासून गॅरेजच्या बाकावर बसून होत्या. रविवारी वरोऱ्याला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, अंजनाबाईच्या नातीचं लग्न होतं, आणि हळद आज संध्याकाळीच. याच गाडीपायी बहिणीच्या घरची दोन लग्नं आधी हुकली होती. एकदा रेडिएटर, एकदा क्लच. तेव्हा अंजनाबाई काही बोलली नव्हती. या खेपेला तिनं फोनवर एवढंच विचारलं होतं, "ताई, तुह्यासाठी ताट धरू का नको?"

"अजी, बसनं जाऊ ना," बाई चौथ्यांदा म्हणाल्या.

"घरी गाडी असताना बसनं? लोक काय म्हणतीन?"

"लोक म्हणतीन, बाई लग्नाले पोचली."

गुरुजींनी ते ऐकलं नाही. ते ड्रायव्हरच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. सत्त्याऐंशी साली त्यांनी ही गाडी बदली होऊन जाणाऱ्या एका डॉक्टरांकडून घेतली, तेव्हा मोहल्ल्यात दुसरी मोटार नव्हती. त्या दिवसांतला आवाज त्यांना परत हवा होता.

"कसा आवाज पायजे, गुरुजी, एकदाचं सांगा," प्रणित गाडीखालून म्हणाला.

"जेवून उठलेला माणूस बोलते ना, तसा. पोटातून."

प्रणितनं पहिला सायलेन्सर चढवला. "हा उपाशी आहे," गुरुजी म्हणाले. दुसरा चंद्रपूरच्या भंगारातून, अशाच एका जुन्या फियाटचा आणलेला होता. "हा जेवला, पण याले ठसका लागला." तिसऱ्याला त्यांनी नुसतं तोंड फिरवलं.

शेवटी गुरुजींनी साक्षीदार बोलावले. इथंच सगळं हाताबाहेर गेलं, कारण त्या काळी मोहल्ल्यातल्या प्रत्येकाच्या आयुष्यात ही गाडी एकदा तरी येऊन गेली होती.

"वाघासारखी गुरगुरत होती बाप्पा," शेजारच्या गिरजाबाई म्हणाल्या. "मले बाळंतपणाले गडचिरोलीले नेलं तवा."

"वाघासारखी तर तुम्ही ओरडत होत्या, गिरजाबाई," गुरुजी म्हणाले.

कोलूभाऊ याच गाडीतून नवरदेव होऊन गेले होते. ते बराच वेळ आठवत राहिले. "आवाज? मले तर आलाच नाई. गुपचूप गेली."

"एक म्हणते वाघ, एक म्हणते आवाजच नोता," प्रणित म्हणाला. "मी लावू काय?"

दोघांच्या समाधानासाठी तिन्ही सायलेन्सर पुन्हा आळीपाळीनं चढले आणि उतरले. अकरा वाजले. पुढच्या खेपेला चावी फिरवली तर सेल्फनं नुसतं टक् केलं. बॅटरी बसली होती.

"धक्का माराव लागते," प्रणित म्हणाला, आणि सवयीनं सगळे सत्यशीलाबाईंकडे पाहू लागले.

बाई बाकावरून हलल्या नाहीत. "पस्तीस वर्षं मारला. हे आत बसून हात दाखवत होते, अन् मी मांगं धूर खात होती. आता अडुसष्ट सरले मले."

प्रणितच्या हातातला पाना तसाच राहिला. "गुरुजी, आवाज तर मांगून निघते. अन् मांगं कोण होतं? खरा आवाज बाईलेच माईत."

गिरजाबाईंनी मान डोलावली, कोलूभाऊंनीही. गुरुजींना ते पटलं नाही, पण खोडताही येईना. जो जवळून पाहतो त्याचं खरं, हे त्यांनीच तीस वर्षं वर्गात शिकवलं होतं.

"सत्यशीला," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "आठवते का तुले?"

"आठवते ना. पण धक्का मारताना ऐकलेला आवाज धक्क्यातच ओळखू येईन. प्रणित आत बसते, मी मांगं चालते. ढकला तुम्ही."

कोलूभाऊंनी लगेच कंबर धरली. गिरजाबाईंना गुडघे आठवले. उरले गुरुजी.

पहिल्या फेरीला गाडी चौकाच्या अलीकडेच सुरू झाली. बाईंनी पदर नाकाला लावून ऐकलं. "नाई."

प्रणितनं सायलेन्सर बदलला. दुसरी फेरी चौकापर्यंत गेली. "जवळचा वाटते. पण नाई."

तिसऱ्या फेरीनंतर गुरुजी बंपर धरून उभे राहिले. शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी फक्त भुवया उचलून विचारलं.

"हाच," बाई म्हणाल्या.

गुरुजींनी मान हलवली. बोलायला श्वास नव्हता. ते जाऊन बाकावर आडवे झाले.

बोल्ट आवळता आवळता प्रणित हळूच म्हणाला, "बाई, हा तर पहिलाच हाये. तिसऱ्याचा बोल्ट सापडला नाई, म्हणून परत तोच चढवला."

"असन. मले तिन्ही सारखेच वाटले."

"मंग पहिल्याच खेपेले हव काऊन नाई म्हटलं?"

"तवा त्याईच्या अंगात वाद घालाची ताकद होती."

गुरुजींनी आपणहून चावी प्रणितच्या हातात दिली, आणि तोच चालवायला बसला. वाटेतलं मूल गाव यायच्या आधीच गुरुजी मागच्या सीटवर झोपले, ते थेट वरोऱ्यापर्यंत. बाईंनी त्यांना उठवलं नाही. अंजनाबाईच्या मांडवात बँड इतका जोरात वाजत होता की फियाट दारात येऊन उभी राहिली तरी कुणी वळून पाहिलं नाही. जाग आल्यावर गुरुजींना ते फार लागलं. त्यांनी तक्रार करायला बाईंना शोधलं, तेव्हा त्या हळद लावायच्या रांगेत तिसऱ्या होत्या.